हजेरीपत्रकातली जन्मतारीख : आइस हॉकीच्या एका हंगामातून

तुमच्या वर्गातली हुशार मुले कोणती, असे विचारले तर कोणतेही शिक्षक पाच-सात नावे चटकन सांगतील. पण या मुलांच्या जन्मतारखा काय, असे विचारले तर हजेरीपत्रक उघडावे लागेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो हे आम्हाला प्रथम जाणवले ते एखाद्या शाळेत नव्हे, तर बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाशेजारी बसून.

संशोधनाच्या निमित्ताने आम्ही काही काळ पश्चिम कॅनडातल्या एका लहानशा शहरात राहात होतो. तिथे हिवाळ्यात संध्याकाळी चारचौघांनी जमावे असे मोठे ठिकाण एकच, ते म्हणजे स्थानिक ज्युनिअर संघाचे मैदान. मैदान कसले, छपराखाली गोठवलेला सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असा बर्फाचा चौक. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू पायांत स्केट्स घालून त्यावर धावतात आणि चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती काठीने मारतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका, की खेळाडू एका दमात मिनिटभरही टिकत नाही. म्हणून तीन-चार तुकड्या आळीपाळीने बर्फावर उतरतात.

खेळाडू साधारण १६ ते २० वर्षांचे. त्यातले बरेचसे आपले गाव सोडून आलेले आणि शहरातल्या कुटुंबांत घरच्यासारखे राहणारे. आमच्या शेजाऱ्यांकडेही असाच एक मुलगा होता. हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि मार्चपर्यंत प्रत्येक संघ अडुसष्टच्या आसपास सामने खेळतो. मग बाद फेरी आणि शेवटी मे महिन्याच्या सुमारास मेमोरियल चषक. ही स्पर्धा १९१९पासून चालू आहे. एका सामन्यासाठी बसने रात्रभर प्रवास, पुन्हा सकाळी शाळा, असा या मुलांचा दिनक्रम. आम्ही त्या हंगामातला घरच्या मैदानावरचा एकही सामना सहसा चुकवला नाही.

सामन्याच्या वेळी एक माहितीपत्रिका मिळते. तीत प्रत्येक खेळाडूची उंची, वजन आणि जन्मतारीख छापलेली असते. मध्यंतरात वाचायला दुसरे काही नसल्याने आम्ही जन्मतारखा वाचू लागलो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पुन्हा जानेवारी! ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले फारच थोडे. शेजाऱ्यांकडचा मुलगा त्यांपैकी एक. त्याचा जन्म नोव्हेंबरअखेरचा.

हे निरीक्षण काही आमचे नव्हे. अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज शहरी १९८०नंतरच्या वर्षांत रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ सामना पाहायला गेले असता त्यांच्या पत्नी पॉला यांच्या नजरेला अशाच पत्रिकेतली ही गोष्ट आली. मग त्यांनी सहकाऱ्यासह अनेक संघांच्या याद्या तपासल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्वेबेक प्रांतात ग्रोंदँ आणि त्यांचे सहकारी १९८४ मध्ये स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोचले होते. ढोबळमानाने निवडक खेळाडूंपैकी ४० टक्के वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, ३० टक्के दुसऱ्या, २० टक्के तिसऱ्या आणि जेमतेम १० टक्के शेवटच्या तिमाहीत जन्मलेले आढळतात.

पण हा योगायोग नसेल कशावरून? समजा, एका संघात २४ खेळाडू आहेत आणि त्यांतले १७ वर्षाच्या पूर्वार्धात जन्मलेले आहेत. नाणे २४ वेळा उडवून १७ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के येते. ही शक्यता कमी आहे, पण अशक्य नाही. म्हणजे एकाच संघावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. मात्र संघामागून संघ आणि वर्षामागून वर्ष तोच कल दिसला, तर योगायोगाची सबब टिकत नाही.

मग हिवाळ्यात जन्मलेल्या मुलांना बर्फ मानवतो काय? की ग्रहताऱ्यांचा प्रभाव? उत्तर फार साधे आहे. कॅनडात मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारी या तारखेवरून पाडले जातात. २ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात, चांगल्या मुलांची पहिली निवड होते तेव्हा, या दोघांत जवळजवळ एक वर्षाचे, म्हणजे एकूण आयुष्याच्या एकदशांशाएवढे अंतर असते. थोरला उंच असतो, वजनदार असतो, सूचना लवकर समजतो. प्रशिक्षकाला वाटते, याच्या अंगात खेळ आहे. वस्तुत: त्याच्या अंगात काही महिने जास्त आहेत!

गोष्ट इथेच थांबती तर वाढत्या वयाबरोबर फरक पुसला गेला असता. पण निवड झालेल्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळतात. त्यामुळे पुढच्या वर्षी तो खरोखरच सरस ठरतो आणि पुन्हा निवडला जातो. वगळलेला मुलगा मागे पडत जातो आणि एके दिवशी खेळणेच सोडतो. सुरुवातीचा आभास अशा रीतीने वस्तुस्थिती बनतो. या घटनेला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात.

ही उपपत्ती खरी असेल तर तिची कसोटी घेता आली पाहिजे. गट पाडण्याची तारीख बदलली, तर यशस्वी खेळाडूंचे जन्ममहिनेही बदलायला हवेत. अशी संधी बेल्जियमच्या फुटबॉलने दिली. तिथे १९९७ मध्ये १ ऑगस्टऐवजी १ जानेवारी ही तारीख धरण्यात आली. त्यानंतर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा किशोर खेळाडूंमधला फायद्याचा जन्मकाळ ऑगस्टकडून जानेवारीकडे सरकलेला आढळला. दोष महिन्याचा नव्हे, माणसाने आखलेल्या रेषेचा होता.

अर्थात हा नियम म्हणजे नशीब नव्हे. हॉकीतला विख्यात वेन ग्रेट्स्की २६ जानेवारीचा, पण तितकाच नावाजलेला मारिओ लेम्यू ५ ऑक्टोबरचा. उशिरा जन्मूनही जे टिकतात ते पुढे फार चांगले निघतात, असेही दिसते. डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की व्यावसायिक संघांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले, पहिल्या तिमाहीतल्या खेळाडूंच्या मानाने, ४०० सामने किंवा २०० गुण असे टप्पे गाठण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. म्हणजे निवड करणारे जाणकारही धाकट्यांना कमी लेखत होते.

आता मैदानातून वर्गात येऊ. शाळाप्रवेशालाही एक तारीख असतेच. बेदार्ड आणि ड्युई यांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या गणित-विज्ञानाच्या चाचण्या तपासल्या. चौथीच्या वर्गातली सर्वांत लहान मुले सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा ४ ते १२ शततमके मागे होती; आठवीतही हा फरक २ ते ९ होता. याहून गंभीर बाब २०१२ मध्ये कॅनडातच उघड झाली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळेची तारीख ३१ डिसेंबर आहे. तिथे जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांच्या मानाने डिसेंबरात जन्मलेल्यांवर अवधानदोष आणि अतिचंचलतेचे निदान होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी अधिक आढळले. निव्वळ लहान असणे हे आजार समजले जात होते, असा संशय यातून येतो.

आपल्या शाळेत हे पाहणे अवघड नाही. शाळेच्या कबड्डी किंवा खो-खो संघातल्या, शिष्यवृत्तीला बसवलेल्या आणि ‘कच्च्या’ म्हणून वेगळ्या काढलेल्या मुलांच्या जन्मतारखा तिमाहीवार मांडाव्यात. नववी-दहावीचे विद्यार्थी हा प्रकल्प सहज करतील. तारीख धरायची ती त्या गटाला लागू असणारी. दोन पथ्ये मात्र पाळावीत. सर्व महिन्यांत जन्म सारखे होत नाहीत. म्हणून तुलना संपूर्ण इयत्तेच्या नोंदीशी करावी. दुसरे असे, की आपल्याकडे गुरुजींनी नाव घालताना जन्मतारीख ‘१ जून’ लावून टाकण्याची परंपरा मोठी आहे. आता जन्मनोंदणीमुळे ती मागे पडली असली, तरी जुन्या रजिस्टरात १ जूनची गर्दी दिसेल. तशा नोंदी बाजूला ठेवाव्यात.

आणि उपाय? मान आणि व्हॅन गिनेकेन यांनी २०१७ मध्ये एक सोपी युक्ती करून पाहिली. फुटबॉलच्या परीक्षकांना सांगितले, की मुलांच्या सदऱ्यावरचे क्रमांक वयाच्या क्रमाने आहेत. कोण किती लहान हे नजरेसमोर राहिले आणि निवडीतला पक्षपात नाहीसा झाला. नुसत्या जन्मतारखा हातात देऊन तसे घडले नाही. आपणही हजेरीपत्रकावर नावापुढे वय वर्षे-महिन्यांत लिहू शकतो, बसण्याचे गट करताना किंवा संघ निवडताना ते पाहू शकतो, आणि अंतिम निवड शक्य तितकी लांबणीवर टाकू शकतो.

शेजाऱ्यांकडचा तो नोव्हेंबरचा मुलगा हंगामभर चौथ्या तुकडीत होता. फेब्रुवारीत दोघे जायबंदी झाल्याने त्याला वरच्या तुकडीत खेळायला मिळाले आणि बाद फेरीपर्यंत त्याची जागा पक्की झाली. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. पण ते दोघे जायबंदी झाले नसते तर त्याचा खेळ आम्हाला, आणि कदाचित त्यालाही, कधीच कळला नसता. वर्गात अशी संधी देण्यासाठी कोणी जायबंदी होण्याची वाट पाहावी लागत नाही. ती शिक्षकांच्या हातात असते.