वस्तादाची जागा रिकामी आहे

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत कोलंबसला गेलो. ओहायो राज्याची ती राजधानी. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात तिथे अशी थंडी पडली की पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरला. रस्ते ओस, शाळांना सुट्टी. हिने बेळगावहून बांधून नेलेल्या डिंक-खारकांचा आणि मेथ्यांचा वास घरभर, आणि मी खिडकीशी बसून वर्तमानपत्राचं पान न् पान वाचतोय, असे ते दिवस.

त्यात एक बातमी दिसली. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे डिफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक माइक व्रेबल नोकरी सोडून ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघात चालले होते. मुख्य प्रशिक्षक नव्हे बरं का! मुख्य प्रशिक्षक अर्बन मायर, आणि त्यांच्या हाताखाली नऊ सहायक. त्या नवांतले हे एक. पण संध्याकाळी जावई कामावरून आले ते बूट काढायच्या आधी विचारते झाले, "मामा, वाचलंत? आता कोण येणार?" त्यांनी शिक्षण त्याच विद्यापीठात घेतलेलं. शेजारचे गोरे आजोबा बर्फ उपसता उपसता तेच विचारत होते. सरकार पडलं तरी आपल्याकडे एवढी चर्चा नसते.

फुटबॉल म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचं शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना येतो. हा खेळ तो नव्हे. यात चेंडू अंड्याच्या आकाराचा, बहुतेक वेळ हातात धरलेला. अंगावर चिलखत, डोक्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलात तर चेंडू दुसऱ्याचा. दोन्ही बाजूंची धिप्पाड पोरं एक हात जमिनीला टेकवून समोरासमोर वाकलेली असतात. चेंडू हलला की एकमेकांवर तुटून पडतात. ही जी पुढची फळी, तिच्यातली बचावाची बाजू म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. तिला शिकवायला स्वतंत्र माणूस. चेंडू फेकणाऱ्याला वेगळा, धावणाऱ्यांना वेगळा, झेलणाऱ्यांना वेगळा. त्यांना तिथे पोझिशन कोच म्हणतात.

मी पेशाने पी.टी. मास्तर. तालुक्याच्या ठिकाणी एका हायस्कुलात तीस वर्षं कबड्डी, खो-खो आणि लेझीम शिकवलेला. त्यामुळे ही वाटणी मला आधी चैनच वाटली. मग जावयांनी संगणकावर सामने दाखवले, तेव्हा पुढच्या फळीतला पोरगा हातांनी काय करतो ते नीट पाहिलं. समोरच्याचा हात छातीवर पडायच्या आत आपला हात त्याच्या काखेत गेला पाहिजे, पाय त्याच क्षणी पडला पाहिजे. अहो, ही तर आनंदवाडीच्या आखाड्यातली खडाखडी! जोडीचा पहिला हात कसा पडतो त्यावर अर्धी कुस्ती ठरते. ते शिकवायला वस्तादच लागतो. तालमीला कन्नडमध्ये आपण गरडी मनी म्हणतो, पण वस्ताद मात्र दोन्ही भाषांत वस्तादच. मग माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की इथे वस्तादाची जागा रिकामी झाली आहे.

अशा जागेला उमेदवार कोण असतात, हे जावयांनी रोज रात्री जेवताना समजावलं. आपल्यासारखी जाहिरात आणि शंभर अर्ज असा प्रकार नावापुरता. खरी निवड फोनवर होते. एक उमेदवार जुना नामवंत खेळाडू, पोरांना ज्याच्या नावाचंच वेड. दुसरा घरचाच, म्हणजे त्याच संघात नाममात्र पगारावर खालची कामं करत बढतीची वाट पाहणारा तरुण. तिसरा मुख्य प्रशिक्षकाबरोबर पूर्वी दुसऱ्या गावी काम केलेला. चौथा दुसऱ्या विद्यापीठात तेच काम करणारा, मुरलेला. वशिला हा शब्द मला विचारावाच लागला नाही. आयोवा विद्यापीठात तर मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांच्या मुलाला, ब्रायनला, २०१२ साली असाच पोझिशन कोच म्हणून घेतलेलं होतं. बापाने मुलाचा साहेब होऊ नये असा नियम, म्हणून कागदोपत्री मुलाचा वरिष्ठ दुसराच अधिकारी. पुढे हा मुलगा सगळ्या चढाईचा प्रमुख झाला, आणि २०२३ साली त्याच्या करारात अट आली, की संघाने सामन्याला सरासरी २५ गुण केले पाहिजेत. ते काही झालं नाही, आणि हंगाम संपायच्या आतच त्याला निरोप मिळाला. आपल्याकडच्या संस्थाचालकांच्या पुतण्यांना असे गुण कोणी मोजले असते तर!

पण ओळखीने आलेला माणूस वाईटच असतो असंही नाही. व्रेबल स्वतः ओहायो स्टेटचेच जुने खेळाडू. २०११ साली तिथल्या प्रशिक्षकाला अचानक राजीनामा द्यावा लागला आणि ल्यूक फिकेल यांच्याकडे हंगामी कारभार आला. फिकेल हे व्रेबलचे कॉलेजातले सोबती, एका खोलीत राहिलेले. व्रेबलनी व्यावसायिक खेळ सोडला आणि शिकवण्याचा एक दिवसाचाही अनुभव नसताना ते प्रशिक्षक झाले. हाच माणूस पुढे टेनेसीच्या व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२१ च्या हंगामात वर्षातला सर्वोत्तम ठरला. निवड समितीवर बसणाऱ्यांनी यातून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

यातली मेख वेगळीच आहे. हा माणूस नुसतं मैदानावर शिकवत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना विद्यापीठात आणायचं कामही त्याचंच. तो गावोगावच्या हायस्कुलात जातो, पोराच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतो, आईने केलेलं खातो आणि "तुमचा मुलगा माझ्याकडे द्या" म्हणतो. आई त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणते. त्या वर्षी पोरांनी सह्या करायचा दिवस होता ५ फेब्रुवारी. व्रेबल गेले जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ज्याच्या भरवशावर होकार दिला तोच तीन आठवडे आधी निघून गेला. आणि सही केल्यावर पोराला विद्यापीठ बदलायचं झालं तर तेव्हा बहुधा एक वर्ष बाहेर बसावं लागे. तो नियम २०२१ साली सैल झाला. प्रशिक्षकाला असं बसावं लागत नव्हतं, तो सोमवारी गेला तरी मंगळवारी दुसऱ्या गावी कामावर. लेकीच्या मांडीवर आठ दिवसांचं मूल होतं. ती म्हणाली, "मी त्या आईच्या जागी असते तर शिव्या घातल्या असत्या."

आता ही जागा का रिकामी झाली त्याची साखळी ऐका. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पेन स्टेट विद्यापीठ आहे. तिथले मुख्य प्रशिक्षक बिल ओब्रायन जानेवारीच्या सुरुवातीला ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले. ते पूर्वी न्यू इंग्लंडच्या संघात प्रशिक्षक होते आणि व्रेबल तिथे खेळाडू. त्यांनी व्रेबलना ह्यूस्टनला बोलावून घेतलं. इकडे पेन स्टेटला मुख्य प्रशिक्षक हवा होता. तिथे डिफेन्सिव्ह लाइनचे वस्ताद होते लॅरी जॉन्सन. १९९६ पासून तिथेच. त्याआधी सुमारे वीस वर्षं मेरिलँड आणि व्हर्जिनियातल्या हायस्कुलांतून शिकवलेले, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. त्यांच्या हाताखालचा कोर्टनी ब्राउन २००० साली व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला निवडला गेला होता. २०११ साली पेन स्टेटवर मोठं बालंट आलं, जो पॅटर्नो यांच्यासारख्या जुन्या मुख्य प्रशिक्षकाला काढलं. नवीन साहेब आले, बरेच सहायक गेले, पण जॉन्सन राहिले. आता ओब्रायन गेल्यावर नवीन माणूस येईपर्यंत कारभारही त्यांच्याकडेच दिला. कायमच्या जागेसाठीही त्यांचं नाव चर्चेत होतं.

११ जानेवारीला जागा जाहीर झाली ती जेम्स फ्रँकलिन यांच्या नावाने. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक, जॉन्सन यांच्यापेक्षा वयाने वीस वर्षांनी लहान. त्यांनी जॉन्सनना राहण्याचा आग्रह केला. जॉन्सन राहिले नाहीत. त्याच आठवड्यात ते ओहायो स्टेटच्या रिकाम्या जागेवर आले. त्यांच्या जागी पेन स्टेटला फ्रँकलिननी व्हँडरबिल्टहून आपल्याबरोबर शॉन स्पेन्सर यांना आणलं, आणि व्हँडरबिल्टच्या लोकांनी पुन्हा शोध सुरू केला. बदल्यांच्या मोसमात जिल्हा शिक्षण कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून आपण जे पाहतो, तेच.

जावई खुशीत होते. मी मात्र त्या रात्री गप्प होतो. हिच्या ते लक्षात आलं.

२००४ साली आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. मी सर्वांत जुना. मला इन्चार्ज केलं. अकरा महिने मी दाखल्यांवर सह्या केल्या, दहावीचा निकाल लावला, गळकं छप्पर वर्गणी काढून दुरुस्त केलं. अकरा महिन्यांनी संस्थेने बाहेरचा माणूस आणला, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मला बोलावून सांगितलं, "सर, तुम्ही मैदानाचे राजे आहात, ऑफिसात कशाला अडकता?" त्याच आठवड्यात चार मैलांवरच्या दुसऱ्या संस्थेने मला बोलावलं. पदाने पी.टी. मास्तरच, पण सन्मानाने. मी गेलो नाही. पोरं काय म्हणतील, गाव काय म्हणेल, कबड्डीच्या मुली यंदा राज्याला जातील, अशी कारणं मी हिला सांगितली. ती काही बोलली नाही. नवीन मुख्याध्यापक माणूस सज्जन होता, हेही सांगितलं पाहिजे. आठ वर्षं मी त्यांना "सर" म्हणालो.

एप्रिलच्या १२ तारखेला ओहायो स्टेटचा वसंतातला सराव सामना होता. त्यांचं स्टेडियम १९२२ सालचं, घोड्याच्या नालेसारखं, लाखाहून जास्त माणसं बसतात. आपलीच पोरं आपल्याच पोरांशी खेळणार, तरी साठ हजार लोक जमले. सगळे चेंडूकडे बघत होते. मी डोळ्यांवर हात धरून कडेला उभ्या असलेल्या जॉन्सनना शोधत होतो. साठी ओलांडलेला कृष्णवर्णी माणूस, डोक्यावर टोपी. फार ओरडणं नाही. एक पोरगा बाहेर आला, त्याचे दोन्ही मनगट धरून त्यांनी काहीतरी दाखवलं आणि पाठीवर थाप मारून परत पाठवलं. इतकंच. पण ते मनगट धरणं मी कुठेही ओळखलं असतं.

आम्ही मे महिन्यात परत आलो. दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी मी चहाबरोबर चकली मोडत होतो, तर लेकीचा फोन. तिकडे मध्यरात्र. ओहायो स्टेट त्या रात्री पेन स्टेटच्या गावी खेळत होतं. जॉन्सन जिथे अठरा वर्षं राबले त्याच मैदानात, पण पाहुण्यांच्या बाजूला उभे. सामना बरोबरीत सुटला, मग जादा वेळ, मग पुन्हा जादा वेळ. शेवटच्या डावात जोई बोसा नावाच्या त्यांच्या पुढच्या फळीतल्या पोराने समोर आडव्या आलेल्या धावपटूला तसाच ढकलत नेऊन त्यांच्या क्वार्टरबॅकवर आदळला आणि सामना संपला. ३१–२४. जावई मागून ओरडत होते, "मामा, डिफेन्सिव्ह लाइन! डिफेन्सिव्ह लाइनने मारलं!" त्याच हंगामात ओहायो स्टेट देशात पहिलं आलं. बोसा २०१६ साली व्यावसायिक निवडीत तिसरा, त्याचा धाकटा भाऊ निक २०१९ ला दुसरा, चेस यंग २०२० ला दुसरा. सगळे जॉन्सन यांच्या हाताखालचे.

त्यांना मुख्य प्रशिक्षकपद काही मिळालं नाही. २०१८ चा हंगाम संपल्यावर मायर निवृत्त झाले आणि रायन डे आले. पुन्हा लहान वयाचे साहेब, आणि जॉन्सन पुन्हा वस्तादच राहिले. २०२० साली कोविडच्या दिवसांत डे यांना लागण झाली. ५ डिसेंबरला मिशिगन स्टेटशी सामना होता, तेवढ्यापुरता संघ जॉन्सन यांच्या हाती दिला. ५२–१२ ने जिंकले. ओहायो स्टेटच्या संघाचं नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णी मुख्य प्रशिक्षक. एका सामन्यापुरते.

दुसऱ्या दिवशी लेकीने व्हिडिओ कॉल केला. नातू सात वर्षांचा होत आलेला, मागे सोफ्यावर उड्या मारत होता. मी हिला समजावून सांगितलं, की साहेबांना कोविड झाला म्हणून त्या जॉन्सनना एक दिवस इन्चार्ज केलं होतं.

ही मटार सोलत होती. माहेर गोकाकचं, मनातलं बोलायचं झालं की कन्नडवर जाते. वर न बघता म्हणाली, "नीवू होगबेकित्त री."

मी परातीतले मटार ओढून घेतले आणि सोलायला लागलो.