पिवळं पान, पण कोणतं?
अंबरनाथच्या आनंदनगरात गॅलरीतली जास्वंद पिवळी पडली की हात आधी पाण्याच्या मगाकडे जातो. थांबा, पिवळं पान कोणतं ते पाहा. खालची, जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होत असतील, तर बहुधा मॅग्नेशियम कमी आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी त्याचाच अणू असतो; तुटवडा आला की झाड तो जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं. लोहाला अशी बदली जमत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याची पानं फिकटतात. घाटावर उसात यालाच ‘केवडा’ म्हणतात. गंमत अशी, की तिथल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते विरघळत नाही आणि मुळं उपाशी राहतात. लोहाअभावी हरितद्रव्य घटलं की प्रकाश कमी पकडला जातो, साखर कमी बनते, वाढ खुंटते. शेतकरी पानांवर हिराकस फवारतात तो मुळांचा हा अडलेला रस्ता टाळण्यासाठीच.