बिनफोडणीचा भात

गटारीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला बंड्या ओकला. ओकण्याआधी कुत्रं पोटातून हापसा मारल्यासारखा एक आवाज काढतं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे, ती माणसं गाढ झोपेतूनही त्या आवाजाने उठून बसतात. मी दिवा लावेपर्यंत दुसरी उलटीही झाली होती. फरशीवर तांबडा तवंग आणि चरबीचे तुकडे. स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा आडवा पडलेला. रात्रीच्या मटणाच्या पातेल्याला चिकटलेला रस्सा मी खरवडून त्यातच टाकला होता. हाडांची पिशवी ग्रिलला टांगलेली होती ती तशीच होती, एवढाच काय तो दिलासा. शिजलेलं हाड चावताना सुळ्यासारखं फुटतं आणि आतड्यात रुततं.

आठ वाजता डॉक्टरांना फोन लावला. औषधाचं नाव सांगण्याआधी त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच केली. किती वेळा ओकला? पाणी पोटात टिकतंय का? पाठ कमानीसारखी करून उभा राहतो का? पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरतो का? हे शेवटचं फार तेलकट खाल्ल्यावर स्वादुपिंडाला सूज आली असेल तर दिसतं, आणि तसं असेल तर घरी थांबायचंच नाही. मग वाटणात काय काय होतं, ते विचारलं. दोन कांदे आणि लसणाची गड्डी म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि त्याचा परिणाम लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. बंड्या अठरा किलोचा आणि चाटलेला रस्सा चार-सहा चमचे, म्हणून भीती कमी. तरी आठवडाभर हिरड्यांचा रंग आणि लघवीचा रंग रोज बघा, म्हणाले. मनुका, बेदाणे, चिंच? नाही. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात हे बरीच वर्षं माहीत होतं, पण कारण सापडत नव्हतं. २०२१ पासून टार्टरिक आम्लावर बोट ठेवलं जातंय. ते आम्ल चिंचेत भरपूर असतं. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

"आता पोटाला बारा तास सुट्टी. पाणी मात्र द्या, पण दर अर्ध्या तासाने चार घोट. पाणीही उलटलं तर सरळ घेऊन या, ताई."

सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. "म्हणजे लंघन! मी पहाटेच म्हटलं होतं." म्हटलं होतं, खरंच. ह्यांनी मात्र तोवर कपाटातून आमच्याच जुलाबाच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या डॉक्टरांनी परत ठेवायला लावल्या. माणसाची गोळी कुत्र्याला वजनाच्या हिशेबाने अर्धी करून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मांजराच्या बाबतीत ती जीवघेणी ठरते: पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला पुरते.

संध्याकाळपर्यंत उलटी थांबली, जुलाब सुरू झाले. आता स्वयंपाक. माझी खरी परीक्षा इथे होती, कारण ह्या स्वयंपाकात काहीच घालायचं नसतं. वाटीभर इंद्रायणी तांदूळ, पाच वाट्या पाणी, सहा शिट्ट्या. कोलम मोकळा होतो, इंद्रायणी चिकट, म्हणून ती घेतली. शीत बोटाने चेपलं की लोणी व्हावं असा गुरगुट्या भात. दुसऱ्या पातेल्यात छातीचं पाव किलो चिकन, साल नाही, हाड नाही, मीठ नाही. पाणी उकळलं आणि माझा हात सवयीने मिसळणाच्या डब्याकडे गेला. सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभर हिंग तरी? वारा सरतो." हळद, हिंग, आलं, सगळे प्रस्ताव येऊन गेले. मी काही घातलं नाही. आजारी पोटासाठी रांधताना आपल्या हातांना काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं आणि ते समाधान नेमकं रोग्याला बाधतं.

चिकन शिजल्यावर पाणी निराळं काढून फ्रिजमध्ये ठेवलं. दोन तासांनी वर पिवळट साय धरली. ती चरबी चमच्याने उचलून टाकली, खाली उरलेल्या पाण्यात भात सैल केला. चिकनचे दोऱ्यासारखे धागे काढून दोन वाट्या भाताला एक वाटी या मापाने कालवले. मांसाहारी प्राण्याला एवढा भात कसा पचतो? २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात याचं उत्तर आहे. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची ही खूण. बंड्याने कचऱ्याचा डबा पाडला तेव्हा तो घराण्याची परंपराच चालवत होता.

पहिल्यांदा तीन चमचे. बस्स. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळले. दोन तास काही उलटलं नाही, मग पाव वाटी. दुसऱ्या दिवसापासून रोजच्या दोन जेवणांऐवजी पाच लहान जेवणं. भुकेलेलं कुत्रं बघून घरातलं कुणीतरी विरघळतं आणि वाडगाभर घालतं. बिघडलेलं पोट पुन्हा बिघडतं ते बहुधा इथेच.

आता थोडं नकोसं बोलते. त्या चार दिवसांत आमच्या घरात शी हा एकमेव विषय होता. डॉक्टरांना फोटो जात होते. तेव्हा कळलं की लहान आतडं बिघडलं तर वेळा कमी पण दर वेळी भरपूर होते, आणि मोठं आतडं बिघडलं तर कुत्रं सारखं कुंथत बसतं, चमचाभर होते, आव पडते, कधी तांबड्या रक्ताचा ठिपका असतो. डांबरासारखी काळी झाली तर रक्तस्राव वर कुठेतरी आहे आणि वेळ दवडायची नाही. अंगातलं पाणी कमी झालंय का हे बघायला मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, लगेच बसली तर ठीक. हिरडी बोटाने दाबायची, पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. तिसऱ्या दिवशी मी चमचाभर उकडलेला लाल भोपळा कालवला. त्यातला विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो. पाचव्या दिवशी शी पुन्हा उचलता येण्याजोगी झाली. त्या सकाळी ह्यांनी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. पुढे चार दिवस भात कमी, नेहमीचं खाणं जास्त, असं करत गाडी रुळावर आली. भात-चिकन पोटाला सोसतं म्हणून महिनोन्महिने तेच घालणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात पुरेसं कॅल्शियम नसतं. ते पथ्य आहे, आहार नव्हे.

याच शहाणपणाच्या भरात मी मांजराचा घोळ करून ठेवला. दिवाळीत चिंगी दूध पिऊन ओकली. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही. चित्रांत वाटी आणि मांजर शेजारी असतात तेवढंच. मी म्हटलं, लंघन. एक दिवस काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं तर तिने तोंड फिरवलं, मला वाटलं पोट आपणच सुट्टी घेतंय. डॉक्टर प्रथमच माझ्यावर चिडले. मांजर, त्यातही गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि यकृत बसतं. "कुत्र्याचं पथ्य मांजराला लावू नका. चोवीस तास खाल्लं नाही की माझ्याकडे आणायचं." भातही तिच्या कामाचा नाही. चिंगीला सलाईन लावलं, घरी येऊन नुसतं चिकन हाताला कोमट लागेल इतकं गरम करून दिलं. गरम केलं की वास सुटतो आणि मांजर जेवतं ते आधी नाकाने. लसूण न घालता उकडलेल्या त्या धाग्यांतले दोन तिने खाल्ले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

तिसरी गोष्ट आमच्या पार्किंगमधली. तीन महिन्यांचं भटकं पिल्लू, जुलाब लागलेले. वॉचमनकाकांनी मायेने दोन दिवस दहीभात भरवला. मला कळलं तेव्हा जुलाबात रक्त होतं आणि एकदा आलेला तो कुजका वास मी विसरू शकत नाही. पार्वो. १९७८ मध्ये जगाला ठाऊक झालेला हा विषाणू आतड्याचं अस्तरच सोलून काढतो. तिथे भात, दही, भोपळा काहीही टिकत नाही. पिल्लू दुसऱ्या रात्री सलाईनवर असताना गेलं. काकांनी दहीभात दिला यात चूक कुणाची काढणार? लस दिलेली नव्हती, आणि ती द्यावी हे आम्हा बेचाळीस बिऱ्हाडांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

त्याची दोन भावंडं वाचली. त्यांना वर्गणी काढून लस दिली. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, म्हणून तो कोपरा काकांनी ब्लीच पाण्यात मिसळून धुतला. तुमच्या पार्किंगमध्ये पिल्लं झाली असतील तर सहा ते आठ आठवड्यांची होताच पहिला डोस द्या आणि सोळा आठवड्यांपर्यंतचे पुढचे डोस चुकवू नका.