वाकडी ढोबळी मिरची आणि वरईचे सारण



ढोबळी मिरचीचा तोडा झाला की आपण प्रतवारी करतो. एकसारखी, चकचकीत फळे क्रेटमध्ये जातात. वाकडी आणि बारकी फळे बांधावर नाहीतर गोठ्यात. नारायणगाव, मंचर भागात हे नेहमीचेच. बाजार आकार बघतो, पण वाकड्या फळात सत्त्व काही कमी नसते. तिकडे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरउतारावर पिकणारी वरई आपल्याला आठवते ती उपवासाच्या दिवशीच. या दोहोंची चुलीवर गाठ घालून द्यावी, म्हणून हे चार शब्द.

दोन्ही एकत्र का?
धान्यात लोह असते, पण ते अंगी लागायला कठीण. जेवणात सोबत क जीवनसत्त्व असले की ते जास्त शोषले जाते. ढोबळी मिरचीत हे जीवनसत्त्व भरपूर आहे. मात्र फार शिजवले तर ते कमी होते. म्हणून मिरचीचा गाळ करू नये आणि वाढताना वर लिंबू पिळावे. अंगात रक्त कमी असेल तर दवाखान्यातले औषध घ्यावेच; हा रोजच्या जेवणातला आधार समजावा.

आधी फवारणीची तारीख पाहा
पंप मारणाऱ्याला तारीख ठाऊक असते, भाजी तोडणाऱ्या बाईला नसते. घोटाळा इथेच होतो. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवावेत ते छापलेले असते. तेवढे दिवस भरल्याशिवाय मिरची घरात आणू नये, बाजारातही नेऊ नये. आंतरप्रवाही औषध फळाच्या आत शिरते, ते नुसत्या धुण्याने जात नाही. फवारणीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. वाकडे फळ चालेल. सडलेले, बुरशी आलेले मुळीच घेऊ नये.

साहित्य
लहान ढोबळ्या मिरच्या 8, वरई 1 वाटी, पाणी 2 वाट्या, शेंगदाण्याचे कूट अर्धी वाटी, बारीक चिरलेला कांदा 1, लसूण 5-6 पाकळ्या, हळद, तिखट, काळा मसाला, मीठ, कोथिंबीर, तेल 3 चमचे, लिंबू.

कृती
1. वरई निवडून, धुऊन, निथळून कोरडीच भाजावी. उकळते पाणी घालून मंद आचेवर झाकून शिजवावी आणि ताटात पसरून गार करावी. दाणा मोकळा राहिला पाहिजे.
2. एक चमचा तेलात लसूण व कांदा परतावा. त्यात हळद, तिखट, मसाला, मीठ, कूट, वरई आणि कोथिंबीर घालून सारण कालवावे.
3. मिरच्या धुऊन देठाकडची चकती कापावी, आतले बी काढावे. सारण हलक्या हाताने भरावे, वर थोडी जागा ठेवावी.
4. पसरट कढईत उरलेले तेल घालून मिरच्या तोंड वर करून ठेवाव्यात. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर 12 ते 15 मिनिटे वाफवाव्यात. मध्ये एकदा अलगद फिरवाव्यात.

दोन चुका टाळा
कच्ची वरई भरू नका. मिरची शिजते तेवढ्या वेळात आतला दाणा शिजत नाही. तसेच कढईत पाणी ओतू नका. मिरचीत नऊ दशांशांहून जास्त पाणीच असते. तिला सुटलेली वाफ पुरते. करपू लागले तर नुसता हबका मारावा.

पूर्वेकडच्या गावांत वरई नसेल तर बाजरीचा भरडा घ्यावा. त्याला पाणी जास्त लागते, तीन वाट्यांपर्यंत, आणि शिजायला वेळही जास्त.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. जगाने वाखाणलेले धान्य आपल्याच कणगीत आहे. तेव्हा पुढच्या तोड्याला वाकडी फळे बांधावर टाकण्याआधी त्यातली आठ घरासाठी बाजूला काढा. करून बघा, पोरांना कसे आवडले ते कळवा.