पोथ्यांच्या छायाचित्रांतील रंगबदल : उपयोग व धोका

(१) जुन्या पोथ्या व कागदपत्रें यांचीं छायाचित्रें घेणें आतां सर्वांच्या आटोक्यांत आलें आहे. ज्याच्या खिशांत मोबाइल तो छायाचित्रकार, आणि ज्याच्या घरीं संगणक तो त्या छायाचित्रावर वाटेल तो संस्कार करूं शकतो. दप्तरांचे मालक मूळ कागद हातांतून सोडण्यास सहसा राजी नसतात. त्यामुळें अभ्यासकास पुष्कळदां छायाचित्रावरच काम भागवावें लागतें. अशा वेळीं छायाचित्रांतील रंग मूळचा कीं मागाहून बदललेला, हा प्रश्न पाठनिर्णयाच्या मुळाशींच येऊन बसतो. प्रस्तुत लेखकास हा धडा सांगोल्यांतच मिळाला. तो प्रथम सांगून, मग रंग बदलतो कसा, त्याचा उपयोग कोठें व धोका कोठें, हें क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

(२) सांगोल्याचें नांव निघालें म्हणजे इतिहासाच्या वाचकांस सन १७५० चा रामराजे व पेशवे यांजमधील करार आठवतो. मला मात्र या गांवच्या रुमालांत राजकारणी कागदांपेक्षां पोथ्याच अधिक पहावयास मिळाल्या. अशाच एका घरीं एका संस्कृत गद्य टीकेची पोथी निघाली. घरच्या मंडळींनीं पोथी न देतां, कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाकडून पानांचीं छायाचित्रें काढवून दिलीं. मुलानें मोठ्या आदरबुद्धीनें संगणकावर प्रत्येक पान उजळलें व कागदाचा पिवळटपणा पार काढून टाकिला. पांढऱ्या पानावर काळींभोर अक्षरें, अशीं तीं छायाचित्रें वाचावयास मूळ पोथीहून सोपीं होतीं.

त्यांवरून मीं नक्कल उतरली. एके ठिकाणीं चार अक्षरांचें एक पद अधिक आढळलें. अर्थ ओढूनताणून लागत होता. ग्रंथ पद्य असता तर वृत्तभंगानें संशय आला असता. गद्यास तसा पहारेकरी नाहीं. मीं तें पद पाठभेद म्हणून टिपलें व त्यावर पानभर विवेचनही लिहिलें. पुढें कांहीं महिन्यांनीं त्या घरीं मूळ पोथी पाहण्यास बसलों, तों त्या चार अक्षरांवर पिवळा डाग स्पष्ट दिसला. लेखकानें खालच्या ओळींतील पद नजरचुकीनें वर लिहिलें, चूक ध्यानांत येतांच त्यावर हरताळ फिरविला, व तो पुढें चालला. लेप काळानें झिजून अक्षरें पुनः वर दिसूं लागलीं होतीं, एवढाच तो पाठभेद! विवेचनाचें पान मीं फाडून टाकिलें.

(३) हरताळ हें सोमल व गंधक यांच्या संयोगाचें पिवळें खनिज होय. पोथी लिहिणारे चुकीच्या अक्षरांवर त्याचा लेप देत व वाळल्यावर जरूर तर त्यावरच शुद्ध अक्षरें लिहीत. आपल्या भाषेंतील ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार याच क्रियेवरून आलेला आहे. हरताळ विषारी असल्यानें अशा पोथ्या हाताळल्यावर हात धुवावे, हेंही जातां जातां सांगितलें पाहिजे. तांबड्यासाठीं हिंगूळ किंवा गेरू वापरीत. अध्यायसमाप्ति, पुष्पिका, दंड, वक्त्यांचीं नांवें इत्यादि पुष्कळदां तांबडीं असतात. सारांश, काळी शाई मजकूर सांगते, तांबडी त्याचे विभाग पाडते, आणि पिवळा लेप मजकूर रद्द करितो. पोथीचा रंग हा शोभेचा भाग नसून लेखकाच्या हातची साक्ष आहे.

(४) आतां संगणक रंग कसा बदलतो तें पाहूं. छायाचित्र म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचे तीन अंक असतात, व सामान्य छायाचित्रांत प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य तर काळा, तिन्ही २५५ तर पांढरा. तांबडा व हिरवा पूर्ण आणि निळा शून्य असेल तर पिवळा. येथें रंगाऱ्याचें गणित लावूं नये. तें रंगद्रव्यांचें, हें प्रकाशाचें. अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत रूपाचे सात भेद सांगितले. या हिशेबानें संगणकाचे १,६७,७७,२१६ होतात.

रंग बदलतांना हेच अंक दुसऱ्या तीन मापांत मांडितात : रंगाची जात, तिचा गडदपणा व तिचा उजळपणा. पैकीं जातीस ह्यू म्हणतात. सर्व जाती ३६० अंशांच्या चक्रावर बसविलेल्या असून तांबडा ० वर, पिवळा ६० वर, हिरवा १२० वर व निळा २४० वर असतो. सन १९९० पासूनचें फोटोशॉप असो वा विनामूल्य मिळणारें गिम्प असो, रीत मूलतः एकच. प्रथम ज्या जातीचे ठिपके बदलावयाचे ते निवडावयाचे. इतर भागांस धक्का लागूं नये म्हणून त्यांवर मास्क, म्हणजे झांकण, घालावयाचें. मग निवडलेल्या ठिपक्यांची जात चक्रावर फिरवावयाची. पिवळें पागोटें १८० अंशांनीं फिरविलें कीं निळें होतें. उजळपणास मात्र हात लावलेला नसल्यामुळें कापडाच्या चुण्या व छाया जशाच्या तशा राहतात, आणि बदललेला रंग जन्मजात वाटतो. निव्वळ काळ्या, पांढऱ्या वा करड्या वस्तूस जातच नसल्यानें ती नुसत्या फिरविण्यानें रंगत नाहीं. तिला गडदपणाही द्यावा लागतो.

कच्चा घट भट्टींत तांबडा होतो तो परमाणूंत कीं सबंध घटांत, हा वैशेषिक व नैयायिक यांचा वाद वाचकांस ठाऊक आहेच. वरील साधी रीत वैशेषिकांच्या पीलुपाकासारखी आहे : बदल एकेका कणांत होतो, पान, अक्षर, लेप यांची तिला ओळख नसते. अलीकडचीं कांहीं सॉफ्टवेअर वस्तु ओळखून निवडितात. परंतु हा डाग कीं हा लेप, हा निर्णय अखेर वाचणाऱ्यासच करावा लागतो. जुना कागद पिवळट, हरताळही पिवळा. चक्रावर दोघे शेजारी. मुलानें कागदाचा पिवळटपणा काढला तेव्हां शेजारचा हरताळही त्याबरोबर गेला.

(५) हेंच साधन विचारानें वापरल्यास फार उपयोगी आहे. छायाचित्राचे तीन अंक वेगवेगळे करून पाहण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्यें असते. पानावर कोणी तांबड्या शाईचा रबरी शिक्का उमटवून अक्षरें झांकलीं असतील, तर केवळ तांबडा अंक पहावा. शिक्का कागदाइतका उजळ होऊन जवळजवळ नाहींसा होतो व काळीं अक्षरें मोकळीं होतात. उलट हरताळ शोधावयाचा तर केवळ निळा अंक पहावा. पिवळा लेप निळा प्रकाश परत पाठवीत नसल्यानें काळसर दिसतो. माझ्या पोथीच्या मूळ छायाचित्रावर हा प्रयोग मागाहून केला, तेव्हां त्या चार अक्षरांभोंवतीं गडद चौकट उभी राहिली. आधीं केला असता तर पानभर लेखन वांचलें असतें.

पुसट रंगांतील अल्प भेद ताणून मोठे करण्याची एक रीत प्रथम दूरवरून घेतलेल्या भूचित्रांसाठीं निघाली. तिच्या आधारें जॉन हारमन यांनीं सन २००५ मध्यें डी-स्ट्रेच हें साधन गुहाचित्रांसाठीं केलें. गेरूच्या मावळलेल्या रेषा त्यानें डोळ्यांस दिसूं लागतात. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकांतील चर्मपत्रावरील प्रत तेराव्या शतकांत खरडून तिजवर प्रार्थनाग्रंथ लिहिला गेला होता. तिजवर बाल्टिमोर येथील वॉल्टर्स संग्रहालयांत सन १९९९ पासून काम झालें. निरनिराळ्या प्रकाशांत घेतलेलीं छायाचित्रें एकत्र करून खालचीं अक्षरें तांबूस दिसतील अशीं चित्रें तेथें तयार केलीं. हा तांबूसपणा कृत्रिम होता, व तो कृत्रिम असल्याचें उघड सांगितलें होतें. सांगून केलेला रंगबदल हें साधन, न सांगतां केलेला हा प्रमाद, असा विवेक येथें करावा.

(६) न सांगतां होणारा बदल नेहमीं माणूसच करितो असें नाहीं. जपाकुसुमाच्या सान्निध्यानें स्फटिक तांबडा भासतो, तद्वत् पिवळ्या दिव्याखालीं सर्व पानच पिवळें पडतें. मोबाइलही आपल्या अंदाजानें रंग सांवरून घेतो, व मालकास त्याची वार्ता नसते.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांस रंग चढविण्याची हौस सध्यां वाढली आहे. तीविषयींही एक इशारा देणें अवश्य आहे. अशा छायाचित्रांत रंगाचा अंक मुळींच नसतो, केवळ उजळपणा असतो. शिवाय एकोणिसाव्या शतकांतील काचा निळ्या प्रकाशास फार व तांबड्यास अगदीं अल्प दाद देत. त्यामुळें तांबडें वस्त्र काळसर, व निळें फिकट उमटे. त्यावरून सरदाराच्या पागोट्याचा रंग ठरविणें हें चित्रकाराचें स्वातंत्र्य होय, प्रमाण नव्हे.

(७) संग्राहकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कॅमेऱ्यांतून निघालेलें मूळ छायाचित्र जसेंच्या तसें निराळें ठेवावें. संस्कार करावयाचे ते प्रतीवर. दुसरी, पानाशेजारीं रंगपट्टी व मोजपट्टी ठेवून दिवसाच्या सारख्या उजेडांत छायाचित्र घ्यावें. रंगपट्टीचे खरे रंग ठाऊक असल्यानें उजेडाचा दोष मागाहून काढतां येतो. तिसरी, कोणता रंग, कोणत्या सॉफ्टवेअरनें, किती बदलला, याची नोंद पानाच्या क्रमांकासह ठेवावी. चौथी, छापतांना संस्कारित चित्राखालीं तसें लिहावें, व शक्य तर मूळ चित्र शेजारीं द्यावें.

जुन्या पोथ्या नदींत सोडण्याची चाल आपल्याकडे होती. कांहीं पोथ्या वाळवीनें जातात, कांहीं वांटणींत फुटतात. मूळ पोथी गेल्यावर छायाचित्र हेंच प्रमाण उरणार. सांगोल्याची ती पोथी सुदैवानें अजून त्या घरीं आहे, म्हणून माझी चूक मला सांपडली. ती गेली असती, तर लेखकानें स्वहस्तें रद्द केलेलीं चार अक्षरें माझ्या नक्कलेंतून त्याच्याच नांवावर कायमचीं राहिलीं असतीं. त्या मुलानें आतां सर्व पानांचीं छायाचित्रें पुनः घेतलीं असून, या खेपेस पिवळ्यास हात लावलेला नाहीं.