रंग वाळला, पण पिकला का?

आमच्या गावच्या पोरांनी कबड्डीसाठी सदरे छापले. वरून इस्त्री फिरवली. रंग बोटाला लागेना. आम्हीही म्हणालो, "झाले काम!" पण पहिल्याच धुण्यात गावाचे नाव निघून गेले. वर्गणीचे पैसे वाया गेले. चूक कुठे झाली?

कुंभाराचे मडके उन्हात वाळते. पण त्यात पाणी भरले, की त्याची पुन्हा माती होते. भट्टीत भाजले, तरच ते टिकते. छापाच्या रंगाचे असेच आहे.

सदऱ्यांवर प्लास्टिसोल नावाचा रंग पुष्कळ वापरतात. तो वाऱ्याने वाळत नाही. त्याला बहुधा १६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. पाणी तर १०० अंशांवरच उकळते! शिवाय ही आच रंगाच्या तळापर्यंत पोचली पाहिजे. नुसता वरचा थर तापून भागत नाही.

म्हणून रंग घेताना माहितीचा कागद मागावा. किती अंश, किती वेळ, ते आकडे वाचावे. आधी एकच सदरा छापावा. गार झाल्यावर छाप हलके ताणावा. तडे गेले, तर रंग कच्चा. तडे न गेले, तरी सदरा दोन-चारदा धुऊन पाहावा. मगच बाकीचे छापावे.

एक सदरा गेला तर चालेल. सगळे जाऊ नयेत.