शरीर चालतं कसं? (भाग ७) : न हललेल्या हाताची ताकद

वीतभर दोरा घ्या आणि त्याला अंगठी किंवा किल्ली बांधा. कोपर टेबलावर टेकवून दोऱ्याचं टोक चिमटीत धरा आणि अंगठी स्थिर होऊ द्या. आता हात मुद्दाम हलवायचा नाही. अंगठी डावी-उजवीकडे झुलते आहे, एवढंच मनात आणायचं. थोड्या वेळात बहुतेकांची अंगठी खरोखर झुलू लागते. मनात दिशा बदलली की तीही बदलते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी या लोलकाचा छडा लावला आणि १८३३ साली भौतिकशास्त्रज्ञ आम्पेर यांना पत्र लिहून तो मांडला. डोळे बांधले, तेव्हा त्यांच्या हातातला लोलक झुलेनासा झाला. म्हणजे हलवणारी शक्ती बाहेरची नव्हती. बोटंच नकळत हलत होती. आपल्याकडे विहिरीची जागा सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो, बेचकीची काडी वाकते, तेही याच मार्गाने. पाणाडी लबाडी करत असतोच असं नाही. त्याची अपेक्षाच त्याच्या स्नायूंत उतरते आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

पण हात जराही न हलवता नुसती कल्पना केली तर? शिकागोत एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास नेमकं हेच तपासलं. अंग सैल सोडून पडलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, हात दुमडतोय अशी कल्पना करा. ज्या हाताची कल्पना केली, त्याच्याच दंडाच्या स्नायूत विजेची अगदी क्षीण हालचाल नोंदली गेली. पुढच्या काळात काही प्रयोगांत हा संकेत मिळाला, काहींत नाही. याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. कल्पना करताना मेंदू हालचालीची तयारी करतो आणि त्याच वेळी हुकूम स्नायूपर्यंत पोचू नये म्हणून लगामही खेचून धरतो. तयारी मात्र खरी असते. कल्पना चालू असताना डोक्यावरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूचा हालचालीचा भाग चेतवला, तर ज्या स्नायूची कल्पना चालली आहे तो एरवीपेक्षा जोरात आखडतो.

याचा उपयोग काय, ते आयोवा विद्यापीठातल्या ग्वांग यू आणि केली कोल यांच्या १९९२ सालच्या प्रयोगात दिसलं. करंगळी बाजूला दाबण्याचा व्यायाम एका गटाने चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस प्रत्यक्ष केला. दुसऱ्या गटाने तो तेवढेच दिवस फक्त मनात केला. तिसऱ्याने काहीच केलं नाही. करंगळीची ताकद पहिल्या गटात सरासरी ३० टक्क्यांनी वाढली, तिसऱ्यात जेमतेम ४ टक्क्यांनी. आणि नुसती कल्पना करणाऱ्यांत ती २२ टक्क्यांनी वाढली!

स्नायू फुगला म्हणून हे झालं नाही. गेल्या भागात आपण पाहिलं, की ताकद दोन गोष्टींवर ठरते : स्नायू किती जाड आहे आणि मेंदूचा हुकूम किती जोरकस आहे. मनातल्या सरावाने ही दुसरी बाजू तयार होते. म्हणूनच पलंगावर पडून कल्पनेत जोर-बैठका काढल्या तर दंड भरणार नाहीत. तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

कल्पना करण्याचीही एक रीत आहे. आरशात पाहावं तसं स्वतःला व्यायाम करताना बघणं पुरेसं नसतं. जोर आतून जाणवायला हवा : मनगट ताणलं गेल्याची ओढ, तळव्यावरचा दाब, पुढच्या हातात येणारा पीळ. आणि प्रत्यक्ष हात मात्र सैल.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो प्लास्टरचा प्रयोग. ओहायो विद्यापीठात ब्रायन क्लार्क यांच्या गटाने धडधाकट माणसांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या काही जणांनी आठवड्यातून पाच दिवस मनगट जोरात आवळण्याची कल्पना केली : काही सेकंद जोर, काही सेकंद विसावा, पुन्हा जोर. प्लास्टर काढलं तेव्हा कल्पना न करणाऱ्यांची मनगटाची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी घटली होती, कल्पना करणाऱ्यांची सुमारे २४ टक्क्यांनी.

प्लास्टर घातलं की आपण म्हणतो, आता दीड महिना हाताला सुट्टी. ही सुट्टी महागात पडते. प्लास्टर निघाल्यावर कणीक मळता येत नाही, पिळा घट्ट बसत नाही, भरलेली बादली उचलवत नाही. प्रत्यक्ष व्यायामाची जागा मनातला सराव घेणार नाही, पण जिथे हलायलाच मनाई आहे तिथे तो हाताशी आहे. त्याला खर्च नाही आणि जागा लागत नाही. तुमच्या घरी कुणाचा हात किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना फिजिओथेरपिस्टना एवढं जरूर विचारा : यांनी मनातल्या मनात कोणता व्यायाम करायचा आणि दिवसातून किती वेळा?